मदत हवी आहे : बाबांना शेफील्डला न्यावं का? (घाई आहे)

काठावरचा :
आईबाबा आलेत. बाबांनी शेफील्डचा हट्ट धरलाय. ऑफिसातले इंग्रज हसतात, "तिथे काय ठेवलंय, यॉर्कला ने" म्हणतात. दिवस फुकट जाणार नाही ना, एवढंच सांगा. आज रात्री तिकिटं काढायचीत. 'गूगल करा' असं कृपया लिहू नका.

रानमेवा :
कुठून निघणार? वार कोणता? चालणं कितपत झेपतं? आणि हट्ट शेफील्डचाच का? काहीच लिहिलं नाहीत.

पार्ल्याची_मी :
मेडोहॉलला न्या. पाऊस आला तरी चिंता नाही, स्वच्छतागृहं चांगली. पोलादाच्या कारखान्याच्या जागेवरच १९९० मध्ये उभा राहिलाय हा मॉल, म्हणजे इतिहासही बघून झाला.

काठावरचा :
मॉल नको हो! मँचेस्टरहून, रविवारी. बाबा ३४ वर्षं भोसरीला फोर्जिंग शॉपमध्ये (तापलेलं लोखंड घडवायच्या विभागात) होते आणि शेफील्ड पडलं पोलादाचं गाव, आणखी काय कारण असणार. आईचे गुडघे दुखतात. दोघंही शाकाहारी.

घण_ऐरण :
हे आधी लिहायचंत! पाच वर्षं राहिलोय तिथे. केलहॅम आयलंडचं संग्रहालय सोडू नका. रिव्हर डॉन इंजिन आहे तिथे. १९०५चं, वाफेवरचं, १२,००० अश्वशक्तीचं. युद्धनौकांचे चिलखती पत्रे लाटायला बनवलं, १९७८ पर्यंत कामावर होतं. लालभडक पत्रा रोलमधून पलीकडे गेला की थंड व्हायच्या आत परत आणायचा, म्हणून एवढं धूड दोन सेकंदांत उलटं फिरतं. मी गेलो तेव्हा आधी पायाखालची जमीन हलली, आवाज मागून आला. शेजारचा पोरगा आईला बिलगला. मीही थोडा मागे सरकलो, खोटं कशाला बोलू. पण दिवसभर चालू नसतं, ठरलेल्या वेळीच फिरवतात. आधी फोन करा. दारातच जुनं बेसेमर कन्व्हर्टर (लोखंडाचं पोलाद करायचं भलंमोठं भांडं) उभं आहे, बाबा तिथेच अर्धा तास घालवतील.

हिशेबनीस :
पालकांच्या व्हिसाला सहा महिन्यांची बँक स्टेटमेंट जोडा.

काठावरचा :
अहो, ते येऊन तीन आठवडे झाले.

वैदर्भीय :
मुशीतल्या पोलादाचं श्रेय शेफील्डला देतात, पण दक्षिण भारतात वूट्झ नावाचं मुशीतलंच पोलाद त्याच्या कितीतरी आधीपासून होत होतं. आपलंच ज्ञान पळवलं.

घण_ऐरण :
वूट्झ जुनं, मान्य. पण शेफील्डचं ते श्रेय ज्याला देतात तो हंट्समन घड्याळजी होता. स्प्रिंगसाठी एकजिनसी पोलाद मिळेना म्हणून १७४०च्या सुमारास त्याने मूस पेटवली. यात पळवापळवी कुठे आली? बाबांना मूस-भट्टी बघायची असेल तर शेफील्डमध्येच ॲबीडेलच्या जुन्या कारखान्यात आहे, पण एका दिवसात दोन्ही म्हणजे आईंचे हाल.

रानमेवा :
अवांतर थांबवा दोघांनी. गुडघ्यांचं कुणी बोलतच नाहीये. शहर टेकड्यांवर वसलंय, स्टेशनातून बाहेर पडलात की गावात जायला चढच. पायी जाऊ नका. स्टेशनमागूनच ट्रॅम मिळते, शेल्समूरला उतरा, तिथून संग्रहालय जवळ. परतताना विंटर गार्डनमध्ये बसा. काचेखाली मोठमोठी झाडं आहेत, बाकं आहेत, पैसे लागत नाहीत. लागूनच मिलेनियम गॅलरी, तिथे शेफील्डचे काटे-चमचे, सुऱ्या. आईंना तेच आवडेल. माझ्या सासूबाई काचेला नाक लावून बसल्या होत्या.

मीठभाकर :
खायचं? चीज-कांद्याचा पाय (pie) घ्या, वर हेंडरसन्स रेलिश, म्हणजे वूस्टर सॉससारखा शेफील्डचा सॉस. वूस्टर सॉसमध्ये मासे असतात, यात नसतात. येताना मला एक बाटली आणा.

यॉर्कप्रेमी :
तरी यॉर्क ते यॉर्क. रेल्वे संग्रहालय आहे, बाबांना तेही आवडेल.

घण_ऐरण :
यॉर्कला सगळेच जातात. भोसरीतून निवृत्त झालेल्या माणसाला यॉर्कच्या जुन्या तटबंदीवरून फिरवून काय दाखवणार? आणि वाट विसरू नका. मँचेस्टरहून गाडी होप व्हॅलीतून जाते. एडेलच्या हिरव्या टेकड्या, मग टोटलीचा साडेपाच किलोमीटरहून लांब बोगदा, आणि बाहेर आलात की शेफील्डच.

काठावरचा :
तिकिटं काढली. शेफील्डचीच. बाबा पाठीमागे उभे राहून धागा वाचतायत. विचारतायत, दोन सेकंदांत उलटं फिरतं तर बेअरिंगला वंगण कसं पोचतं? कुणाला माहीत आहे का?

घण_ऐरण :
रविवारी तिथल्या माणसालाच विचारायला सांगा. भाषांतराला तुम्ही उभे राहा.