दाढ रात्रीच का ठणकते? सी विंगच्या ग्रुपवरची चर्चा

सी-५०३: मंडळी, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. खालची उजवी दाढ. आधी गार पाण्याने कळ यायची आणि लगेच जायची, म्हणून दुर्लक्ष केलं. आता गरम चहानेसुद्धा कळ उठते आणि अर्धा अर्धा तास राहते. आडवं झालं की ठणका थेट कानापर्यंत. घरात अँटिबायोटिकची उरलेली पट्टी आहे, सुरू करू का? सी-७०२ च्या डॉक्टरताई सांगतील तर बरं होईल.

सी-२०१: भाऊ, लवंगेच्या तेलाचा बोळा धरा. आमच्याकडे पहिला उपाय हाच.

सी-७०२: काका, ती पट्टी नका घेऊ. तुमचा त्रास ऐकून वाटतंय की दाढेच्या आतला पल्प, म्हणजे नस आणि रक्तवाहिन्यांचा जिवंत भाग, सुजलाय. तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही, पण कळ लगेच जाण्याऐवजी रेंगाळायला लागणं ही महत्त्वाची खूण आहे. अशा दुखण्यात अँटिबायोटिकने ठणका कमी होत नाही. २००० साली ४० रुग्णांवर झालेल्या चाचणीत निम्म्यांना पेनिसिलिन दिलं, निम्म्यांना नुसती दिसायला तशीच गोळी. वेदनेत फरक पडला नाही.

सी-१०४: ताई, पण नस तर फक्त कळ मेंदूपर्यंत नेते ना? सूज जंतूंमुळे येते, मग जंतू मारणारं औषध का चालत नाही?

सी-७०२: छान प्रश्न. सुरुवात जंतूंपासूनच होते, पण सूज वाढवण्यात नसेचा स्वतःचाही मोठा हात असतो. दाढेच्या नसेच्या पेशींचा मुख्य भाग कवटीच्या तळाशी एका गाठीत असतो, तिला ट्रायजेमिनल गँग्लिऑन म्हणतात. तिथे सबस्टन्स पी आणि सीजीआरपी ही रसायनं तयार होतात आणि नसेच्या आतून दाढेपर्यंत पोचतात. किडीतल्या जंतूंची आम्लं आणि विषं नसेच्या टोकाला लागली की ते टोक मेंदूकडे कळ पाठवतं आणि त्याच वेळी ही रसायनं पल्पमध्ये सोडतं. सीजीआरपीने रक्तवाहिन्या रुंदावतात. सबस्टन्स पीने त्या पाझरू लागतात, शिवाय मास्ट पेशी नावाच्या संरक्षक पेशींमधून हिस्टामिन हे सूज वाढवणारं रसायन बाहेर पडतं, आणि ते नसेला पुन्हा डिवचतं. चक्र असं फिरत राहतं. सूज टिकली तर पल्पमध्ये या नसांचे नवे फाटेही फुटतात, म्हणजे रसायनं सोडणारी टोकंच वाढतात.

आता जागेचा विचार करा. बोट सुजलं तर फुगतं. पल्पभोवती डेंटिनची, म्हणजे दाताच्या आतल्या कठीण थराची, कडक भिंत आहे, फुगणार कुठे? आतला दाब वाढतो. आडवं झाल्यावर डोक्याकडचा रक्तदाब चढतो, म्हणून रात्री ठणका. अँटिबायोटिक यातलं काहीच थांबवत नाही. त्यासाठी कीड काढून दाढ आतून साफ करावी लागते.

सी-१०४: सबस्टन्स पी आम्हाला अभ्यासाला होतं! १९३१ मध्ये ऑयलर आणि गॅडम यांना घोड्याच्या मेंदूच्या आणि आतड्याच्या अर्कात सापडलं. त्याची ११ अमिनो आम्लांची रचना कळायला मात्र १९७१ उजाडलं. दाढेशी त्याचा संबंध आज कळला.

सी-२०१: मग लवंग तेल वाया गेलं म्हणायचं का?

सी-७०२: नाही काकू, त्याला आधार आहे. त्यातलं युजेनॉल नसेची कळ वाहून नेण्याची ताकद मंदावतं. फक्त कापसावर थेंबभर, हिरडीला न लागू देता. हिरडी भाजते. आणि डॉक्टरकडे जाईपर्यंतच.

सी-६०१: मी मायग्रेनसाठी सीजीआरपी रोखणारं इंजेक्शन घेते. हे तेच सीजीआरपी का? मग तेच दाढेलाही का देत नाहीत?

सी-७०२: हो ताई, तेच, आणि नसही तीच, ट्रायजेमिनल. पण ती औषधं मायग्रेनसाठी आहेत, दाढदुखीसाठी नाहीत. शिवाय दाढेत या रसायनांचं कामही असतं. त्यांच्यामुळे रक्तपुरवठा वाढतो, संरक्षक पेशी जमतात, नवं डेंटिन तयार व्हायला मदत होते. उंदरांमध्ये दाढेची नस कापून मग पल्प उघडा केला, तर नस शाबूत असलेल्या दाढेपेक्षा तो लवकर नासला. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. गार पाण्याची कळ क्षणात जाते त्या टप्प्यावर आलात, तर कीड काढून साधं फिलिंग केलं तरी बहुतेक वेळा पल्प सावरतो. कृपया सगळ्यांनी त्याच टप्प्यावर दाखवा. मुलांच्या बाबतीत तर नक्कीच.

सी-५०३: माझा तो टप्पा गेला असणार. रूट कॅनालची भीती एकच, मागे दुसऱ्या दाढेच्या वेळी इंजेक्शन चढलंच नव्हतं.

सी-७०२: सुजलेल्या खालच्या दाढेत असं होतं, आणि त्याचं कारणही हेच. सुजेमुळे नसेवरच्या सोडियमच्या वाहिन्या, म्हणजे कळ पुढे नेणारी सूक्ष्म दारं, बदलतात, काही प्रकार भुलीच्या औषधाला लवकर दबत नाहीत. म्हणून आधीच सांगा, मागच्या वेळी भूल चढली नव्हती. हाडात किंवा दातालगत जादा इंजेक्शन देता येतं. भूल नीट चढल्याशिवाय सुरू करू देऊ नका, तसं सांगणं हा तुमचा हक्क आहे.

सी-५०३: तोपर्यंत गोळी कुठली? बीपीची चालू आहे.

सी-७०२: मग आयबुप्रोफेन स्वतःहून नको, बीपी आणि किडनीला त्रास होऊ शकतो. पॅरासिटामॉल चालेल, पाकिटावरच्या मर्यादेत. डोकं दोन उशांवर ठेवून झोपा. तोंडाबाहेर सूज आली, ताप आला किंवा गिळायला जड गेलं तर वाट न बघता हॉस्पिटलला जा. आणि उद्यापर्यंत दुखणं अचानक थांबलं तरी दाताच्या डॉक्टरकडे जाणं टाळू नका. कळ पाठवणारी नस मेली तर ठणका थांबतो, जंतू मात्र मुळाच्या टोकातून हाडाकडे निघालेले असतात. सकाळी नऊला दाताच्या दवाखान्यात फोन करा, मी तिथे बोलून ठेवते.