ऐतिहासिक रहस्यकादंबरीत सावकाश जुळणारं प्रेम हवं की नको?

पेठेतली वाचक
परवा अप्पा बळवंत चौकात पुस्तकं चाळताना मैत्रीण म्हणाली, "खुनी कोण ते सांगावं. त्या दोघांचं जमायला चारशे पानं कशाला?" मला हे मुळीच पटलेलं नाही. जुन्या काळात तपास आणि प्रेम एकाच दारापाशी अडतात.

आजी सांगायची, नारायण पेठेतल्या वाड्यात पुरुषमाणूस नसताना कुणी परका आला, तर तिची आजी माजघराच्या दाराआडून बोलायची. तेही थेट नाही, मध्ये एखादं पोर उभं करून. "त्यांना सांग, बाहेर गेलेत, दिवेलागणीला येतील." आता तिथे तपास करणारा माणूस आला असं समजा. बाईने काय पाहिलं ते त्याला त्या पोराच्या तोंडून ऐकावं लागणार. ज्या दिवशी ती पोराला खेळायला पिटाळून स्वतः एक वाक्य बोलते, त्या दिवशी तपासही हलतो आणि तिचं मनही. यातलं प्रेम वगळून दाखवा बरं!

कसब्याचा कोतवाल
दाराबाहेरचं पुणंही बघा. १८९१ च्या कायद्याने मुलींचं संमतिवय दहावरून बारावर नेलं, तेवढ्यावरून इथे रान पेटलं होतं. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं, तर मुरुडच्या गावकऱ्यांनी त्यांना वाळीत टाकलं. त्या काळातली विधवा नायिका तपासनिसाबरोबर पर्वतीवर गप्पा मारत बसते, हे मी का मानू? ते प्रेम आजचं असतं, नुसतं नऊवारी नेसवलेलं.

आणि माझी खरी तक्रार पुढेच आहे. नायिकेचा जीव ज्याच्यावर जडतोय तो खुनी नाही, हे विसाव्या पानावर कळतं. एक संशयित फुकट बाद. ही रहस्याशी बेइमानी आहे.

मोडी शिकतेय
पर्वतीचं मान्य. पण कर्व्यांचं लग्न झालंच ना? रमाबाई रानड्यांच्या १९१० मधल्या आठवणी वाचा. शिकतात म्हणून घरातल्याच बायकांनी त्यांना किती छळलं! माणसं वाट काढत होती, किंमत मोजून. लेखकाने ती किंमत दाखवावी.

मी तर १८९७ चं प्लेगचं पुणं निवडेन. गोरे सोजीर थेट देवघरापर्यंत शिरताहेत, घरोघरी आजारी माणसं लपवली जाताहेत. मेलेला माणूस प्लेगचा म्हटलं की कोण जवळ जाऊन बघणार? त्यात २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. त्यानंतर चौकशी करणारा प्रत्येक माणूस सरकारचा खबऱ्या वाटणार. अशा दिवसांत घरात काय लपवलंय हे बाई कुणाला सांगेल? भरवसा बसायला महिने जातील.

कसब्याचा कोतवाल
प्लेगचं पटलं. बेइमानीचं काय?

पेठेतली वाचक
नायिकाच संशयित असू द्या. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, सासऱ्यांचंही नाही. ती म्हणते, "तिकडून येणं झालं तेव्हा अकरा वाजले होते." तपासनीस धरून चालतो, नवरा आला. एरवी त्याने तिथल्या तिथे विचारलं असतं, कोण आलं? पण आता तिला अवघडवणं त्याच्या जिवावर येतं, म्हणून तो विचारत नाही. वाचकाच्या मात्र ते लक्षात येतं. चूक त्याच्या प्रेमामुळेच झाली, आणि ती पटायला आधीची दोनशे पानं लागतातच.

कसब्याचा कोतवाल
अशी असेल तर चारशे पानं वाचेन. पण अट एकच. शेवटी तीच खुनी निघत असेल, तर लेखकाने कच खायची नाही.