फेदर माइटला मराठीत काय म्हणायचं?

रानपिंगळा: एका पक्षी-पुस्तिकेचं भाषांतर करतेय. त्यात फेदर माइट (पक्ष्यांच्या पिसांत राहणारे बारीक जीव) आणि त्यांचे होस्ट असा तक्ता आहे, डावीकडे माइटची कुळं, उजवीकडे पक्षी. मी मथळा दिला, 'पिसांवरचे परजीवी कोळी आणि त्यांचे यजमान'. तपासणाऱ्यांनी 'परजीवी', 'कोळी', 'यजमान' या तिन्ही शब्दांखाली लाल रेघ मारली. म्हणे पक्ष्यांवर पिसवा असतात, कोळी भिंतीवर.

घाटावरचा: बरोबरच आहे त्यांचं. आमच्याकडे खुराड्यात चावतात त्या पिसवाच. आजी राख टाकायची. पिसात राहते ती पिसू, सरळ आहे.

अक्षरगोम: इतकं सरळ नाही हो. हिंदीतली पिस्सू कुत्र्याच्या अंगावर असते, आणि तिथे पिसाला पंख किंवा पर म्हणतात. पीस आणि पिसू यांचं नातं कानापुरतंच. शिवाय पिसू आणि ऊ दोन्ही सहा पायांचे कीटक. माइटला आठ पाय, म्हणजे गोचीड, विंचू, कोळी यांच्या गोतातला. वांग्यावरच्या माइटला कृषी खातं 'लाल कोळी' म्हणतंच की! 'पिसकोळी' करा.

भूतपूर्व_मास्तर: ठीक. पण 'पीसकोळी' लिहू नका कोणी. समासात ह्रस्व.

चष्मेबद्दूर: घाटावरचे, आजीच्या पिसवा बहुधा माइटच असतील. डर्मॅनिसस गॅलिनी हा कोंबड्यांवरचा माइट दिवसा फटीत लपतो, रात्री कोंबडीचं रक्त पितो. पण तो माइटच्या मेसोस्टिग्माटा गटातला. खरे फेदर माइट अस्टिग्माटा गटातले, त्यातही मुख्यतः अनाल्गॉइडिया आणि टेरोलिकॉइडिया या दोन अधिकुळांतले. नोंदलेल्या जाती 2,000 च्या वर. ते रक्त पीत नाहीत. पिसांवरचं तेल, बुरशी, जिवाणू खातात. मग 'परजीवी' कशाला? त्यांच्यातले काही कातडीत शिरून त्रास देतात, तेवढ्यांना म्हणा. पिसाच्या पोकळ दांड्यात राहून तिथून भोसकणारे सिरिंगोफिलिडी कुळातले माइट तर तिसऱ्याच गटातले.

अक्षरगोम: अनाल्गेस या फेदर माइटच्या प्रजातीचं (जीनसचं) नावच बघा. ग्रीक अल्गोस म्हणजे वेदना, अनाल्गेस म्हणजे वेदना नसलेला. ॲनाल्जेसिक गोळीतलाच शब्द. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ निट्झ्शने 1818 मध्ये ठेवलेलं नाव. आणि आपण अजून 'परजीवी' लिहितोय.

भूतपूर्व_मास्तर: मुळात 'परजीवी' हिंदीतून आलेला. आमच्या वेळी 'परोपजीवी' होता.

रानपिंगळा: आणि 'यजमान'?

कुसुमकाकी: अगं, आमच्याकडे यजमान म्हणजे नवरा! 'पिसकोळी आणि त्यांचे यजमान' वाचलं तर मी पुढे लग्नपत्रिका शोधेन.

भूतपूर्व_मास्तर: यजमान म्हणजे यज्ञ करणारा. चिमणीने कुठला यज्ञ केला? 'आश्रयदाता' लिहा.

अक्षरगोम: दाता कसला? चिमणीने काय अर्ज मंजूर केलाय? शास्त्राची मुलं यजमानच म्हणतात, रुळलाय शब्द. यज्ञ आठवतो कोणाला!

घाटावरचा: 'पोशिंदा' चालेल? शेतकऱ्याला म्हणतात तसा.

चष्मेबद्दूर: जे बुरशी खाऊन जगतात त्यांना पक्षी पोसतो असं म्हणायचं का, हाच तर प्रश्न. बरं, हे माइट मोठ्या प्रमाणावर घरट्यातच आईबापांकडून पिल्लांवर येतात, म्हणून एकेका पक्ष्यावर ठरावीक जाती. तक्ता त्यामुळेच जमतो.

कुसुमकाकी: मग कोकिळेच्या पिल्लावर कावळ्याचे पिसकोळी?

चष्मेबद्दूर: छान प्रश्न. युरोपातला कुकूही कोकिळेसारखा दुसऱ्यांच्या घरट्यात अंडी घालतो, तरी त्याच्यावर माइटच्या त्याच्या स्वतःच्या जाती सापडतात. म्हणजे मोठं झाल्यावर आपल्याच जातभाईंच्या अंगाला अंग लागून येत असणार.

रानपिंगळा: मंडळी, मथळा उद्या द्यायचाय.

भूतपूर्व_मास्तर: कुसुमताई, 'कोकिळेच्या' म्हणालात ते बरोबर, अंडी घालणारी कोकिळाच. पण पहाटे ओरडतो तो कोकीळ. वर्तमानपत्रांना हे सांगून थकलो.

घाटावरचा: मास्तर, आमच्याकडे दोघांनाही कोकिळाच म्हणतात.