नुसती हेल्प देऊन भागत नाही

एआय एजंटला (स्वतः कमांड चालवणाऱ्या एआय प्रोग्रॅमला) नेटवर्क तपासायची टूल्स वापरायला द्यायची, तर टूलच्या हेल्पचा मजकूर दिला की पुरे, असं काही जण म्हणतात. मला नाही पटलं. हेल्पमध्ये पर्याय असतात, निकाल वाचायचा कसा हे नसतं, आणि एजंट नेमका तिथेच माती खातो. मशीनचे कुठले पोर्ट, म्हणजे नेटवर्क जोडणीची क्रमांकित दारं, उघडे आहेत हे शोधणाऱ्या एनमॅपचंच घ्या. पोर्ट सांगितले नाहीत तर तो सर्वाधिक वापरातले १००० टीसीपी पोर्टच तपासतो, असतात ६५,५३५. माझ्या एजंटने तेवढ्यावरच 'बाकी काही उघडं नाही' असा रिपोर्ट ठोकून दिला होता! निकालात पोर्टपुढे आलेलं 'फिल्टर्ड' म्हणजे बंद, हाही त्या एजंटचाच शोध. खरं तर मध्ये फायरवॉलसारखं काही अडवत असल्याने पोर्ट उघडा की बंद हे कळलेलंच नसतं. आता एजंटला देतो त्या प्रत्येक टूलच्या माहितीच्या फाइलीत 'यावरून काय सिद्ध होत नाही' असा परिच्छेद मी आधी लिहितो. रूट (मशीनवरचे पूर्ण अधिकार) लागतं का, आउटपुट एक्सएमएल फॉरमॅटमध्ये कसा घ्यायचा, हे दोन ओळींत उरकतं.

तपासायची परवानगी असलेल्या आयपी पत्त्यांची यादी मात्र डॉक्युमेंटेशनच्या भरवशावर सोडू नका. ती रॅपर स्क्रिप्टमध्येच, म्हणजे टूलची कमांड जिच्यातून जाते त्या छोट्या प्रोग्रॅममध्येच तपासा. यादीबाहेरचा पत्ता आला तर कमांड चालताच कामा नये. समोरच्या सर्व्हरच्या बॅनरमध्ये (जोडणी होताच तो पाठवतो त्या ओळखीच्या मजकुरात) कुणी एजंटसाठी उलट सूचना लिहून ठेवली, तर तुमची फाइल काय करणार?