स्विफ्टचा दुसरा गिअर सकाळी अडतो, गिअर ऑइल कोणतं टाकू?

घोडबंदरकर
नमस्कार मंडळी. २०१३ ची स्विफ्ट पेट्रोल, ८६ हजार किमी, सेकंडहँड घेतलीय. सकाळी सोसायटीच्या गेटबाहेर दुसरा टाकायला गेलो की अडतो, जोर दिला की खर्र्र करतो, आणि माजिवड्यापर्यंत पोचलं की व्यवस्थित पडायला लागतो. ऑइल कधी बदललं ते मागच्या मालकालाही माहीत नाही. मॅन्युअलमध्ये ऑइलचा प्रकार जीएल-४ लिहिलाय, दुकानदार म्हणतो जीएल-५ घ्या, वरचा नंबर आहे. मजुरीसकट बजेट दीड हजार.

ऐरोलीचा_नाना
बजेट बाजूला ठेवा, फुल सिंथेटिकच टाका. मी मोट्यूल गिअर ३०० टाकलंय, दोन बोटांनी गिअर पडतो. पामबीचला माझ्या बाजूला बसून बघा एकदा.

टेम्पोवाला_तुर्भे
जीएल-५ ला का घाबरता? आमच्या टेम्पोच्या मागच्या एक्सलला कायम तेच असतं, काही झालं नाही.

खारघर_७
अहो एक्सल वेगळा, गिअरबॉक्स वेगळा! माझ्या आधीच्या गाडीत गॅरेजवाल्याने डिफरन्शियलचं, म्हणजे एक्सलमधल्या गिअरचं, जीएल-५ गिअरबॉक्समध्ये ओतलं, मी समोर उभा होतो आणि मला कळलं नाही. वर्षभरात तिसरा खरखरायला लागला. बॉक्स उघडल्यावर मेकॅनिकने पितळी सिंक्रो रिंग (गिअर टाकताना वेग जुळवून घेणारी) हातात दिली, दात पार गुळगुळीत, ती अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसवालं ॲडिटिव्ह जास्त असतं, ते पितळेला त्रास देऊ शकतं. शिवाय सिंक्रोला थोडं घर्षण लागतंच, फार निसरडं ऑइल असलं की रिंग गिअरला पकडत नाही. वरचा नंबर म्हणजे वरची क्वालिटी, असं यात नसतं.

ऐरोलीचा_नाना
गिअर ३०० च्या बाटलीवर जीएल-४ आणि जीएल-५ दोन्ही आहे, वाचा आधी.

खारघर_७
वाचलंय नाना. दोन्ही लिहिलेलं असेल तर गोष्ट वेगळी, नुसतं जीएल-५ लिहिलेलं गिअरबॉक्सला नको एवढंच म्हणतोय.

सिटी_वाशी
आमच्या होंडाला कंपनीचं एमटीएफ (मॅन्युअल गिअरबॉक्सचं ऑइल) टाकतात, एकदम पातळ. तेच घ्या.

खारघर_७
ते होंडाचं आहे दादा, स्विफ्टमध्ये कशाला?

नौपाडा_काका
ऑइलचा प्रश्नच नाही, क्लच गेलाय. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये तासभर क्लचवर पाय, दुसरं काय होणार! गायमुखच्या घाटात तर पहिला-दुसरा, पहिला-दुसरा. त्या रस्त्याबद्दल बोलायला लागलो तर रात्र पुरायची नाही.

कळवा_गॅरेज
१९ वर्षं हेच काम करतोय, ऐका. इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून बघा, मग चालू करून. चालू असताना सगळेच अडले आणि रिव्हर्स पण खरखरला तर क्लच बघा. फक्त दुसराच अडत असेल तर सिंक्रो नाहीतर ऑइल. ऑइल बदलताना भरायचा नट आधी सैल करा, मगच खालचा ड्रेन नट. ऑइल खाली सोडून बसलात आणि वरचा नट जाम निघाला तर गाडी जागेवरून हलणार नाही, असे फोन मला येतात. गाडी सपाट हवी, इंजिन थोडं गरम. भरायच्या भोकातून ओघळायला लागलं की बस. आणि निघालेलं ऑइल बोटावर घासून बघा, धातूची बारीक चमकी असणारच, पण नखात अडकेल असा तुकडा निघाला तर मात्र बॉक्स उघडावा लागेल.

नौपाडा_काका
मी क्लचच म्हणतोय.

घोडबंदरकर
सगळ्यांचे आभार. इंजिन चालू ठेवून पाहिलं, बाकीचे सगळे सरळ पडतात, रिव्हर्सही, त्यामुळे काका, क्लचला हात लावला नाही. नाना, सिंथेटिकही नाही घेतलं. कंपनीचं साधं जीएल-४ आणलं, वागळे इस्टेटला रॅम्पवर बदलून घेतलं, मजुरी धरून बजेटच्या आत. जुनं ऑइल डांबरासारखं काळं निघालं, चमकी होती, तुकडा नव्हता. आज चौथा दिवस. खर्र्र बंद झालंय, पण सकाळी पहिल्यांदा दुसरा टाकताना अजून किंचित अडतो. तेवढं मी क्षणभर थांबून टाकतो, बॉक्स उघडत नाही.

ऐरोलीचा_नाना
सिंथेटिक टाकलं असतं तर तेवढंही राहिलं नसतं.