मदत हवी आहे: ब्लूज गिटारची सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी, मी परभणीचा. गिटारवर साधे कॉर्ड आणि गाण्यांची साथ जमते. आता ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत, शिकायचंय, पण इथं शिकवणारं कुणी सापडलं नाही.

बारा बारचा (बार म्हणजे चार मात्रांचा एक तुकडा) साचा हाताला बसलाय: चार बार ई सेव्हन कॉर्ड, दोन ए सेव्हन, दोन ई सेव्हन, मग बी सेव्हन, ए सेव्हन आणि शेवटचे दोन परत ई सेव्हन. मायनर पेंटाटॉनिक या पाच स्वरांच्या सप्तकाचे स्वर तर आपल्या धानी रागाचेच, त्यामुळे परके वाटत नाहीत. अडतंय ते तार ओढण्यात. कोमल गंधार थोडा चढवायचा, पण शुद्ध गंधारापर्यंत जाऊ द्यायचा नाही. नेमकी तिथंच तार डगमगते. सध्या बारा गेजच्या (गेज म्हणजे तारेची जाडी) तारा आहेत, दहाच्या लावल्या तर फरक पडेल का? शफलची, म्हणजे एक लांब-एक आखूड अशी झुलती, लय पक्की करायला काय करता?

ऐकण्याचंही सांगा. जुन्या ब्लूज गायक-गिटारवादक रॉबर्ट जॉन्सनची १९३६-३७ ची रेकॉर्डिंग ऐकतोय. एकटा माणूस एकाच गिटारवर खर्जही चालवतो आणि वरची सुरावटही! ऐकून हरखून जातो, पण बोटांना काहीच सापडत नाही. ब्लूज गिटारवादक बी. बी. किंगच्या जागा मात्र गुणगुणता येतात. मग आधी त्यांच्यावरच थांबू की दुसऱ्या ब्लूज गायक-गिटारवादकाकडं, मडी वॉटर्सकडं वळू?

नांदेड, लातूरकडं कुणी वाजवत असेल तर जरूर कळवा, मी येईन.