मागचा ब्रेक धरून राहतोय: सगळं बदलायचं की आधी दोष शोधायचा?

गंजका_पाना:
गाडी २४ वर्षांची, मागे ड्रम ब्रेक. महिनाभर झाला मागचं डावं चाक तापतंय, जरा फिरून आलं की रिमला हात लावता येत नाही आणि उजवं मात्र थंडगार. मेकॅनिकने चाक न खोलताच सांगितलं, दोन्हीकडचे लायनर (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या), सिलिंडर (ऑइलच्या दाबाने त्या ढकलणारे), ड्रम सगळं नवीन टाका. आता याला निदान म्हणायचं की सामानाची यादी? माझं म्हणणं आधी दोष शोधा मग पाना उचला.

डबल_क्लच:
नाही पटलं. ब्रेकमध्ये कंजूषपणा नको. २४ वर्षांचं रबर आहे ते, एका सिलिंडरचं गेलं की दुसऱ्याचं मागोमाग जातंच. मी एकदा असाच हुशारीने एकच बदलला, २ महिन्यांत दुसरा गळला आणि नवेकोरे लायनर ऑइल पिऊन बसले, ते काय पुसून परत लावता येत नाहीत, गेले भंगारात.

गंजका_पाना:
अहो जोडीने बदलू नका असं मी कुठे म्हटलं, लायनर तर जोडीनेच बदलायचे. पण धरून ठेवणारं कारण यादीतच नसेल तर?

नळीवाला:
ते कळायला एक सोपी टेस्ट आहे. पुढच्या चाकांना ठोकळे लावा, मागे जॅक, खाली स्टँड ठेवा (नुसत्या जॅकवर काम नको हो, प्लीज), हँडब्रेक सोडा, गिअर न्यूट्रल. पॅडल दोनचार वेळा दाबून सोडा आणि चाक फिरवून बघा. जाम असेल तर त्या चाकाचं निपल (सिलिंडरमागचा ऑइल-हवा काढायचा स्क्रू) किंचित सैल करा. थोडं ऑइल उडालं आणि चाक सुटलं तर प्रेशर अडकलंय, म्हणजे दोष वर कुठेतरी, मास्टर सिलिंडर (पॅडलने दाबला जाणारा मुख्य सिलिंडर) नाहीतर रबरी होज, म्हणजे ऑइलची नळी. जुना होज आतून फुगतो, पायाच्या जोराने ऑइल जातं पण परत यायला वाट मिळत नाही. निपल उघडूनही चाक सुटलं नाही तर मग ड्रमच्या आतलं काहीतरी किंवा हँडब्रेकची केबल.

डबल_क्लच:
पुस्तकात छान वाटतं. २४ वर्षांचं गंजलेलं निपल तुटलं की सिलिंडर बदलावाच लागतो, म्हणजे फिरून माझ्याच यादीवर आलात. आणि मागच्या अॅक्सलला एकच होज असेल तर दोन्ही चाकं धरायला हवीत, इथे एकच तापतंय.

नळीवाला:
होजचा मुद्दा बरोबर, मान्य. निपलला मात्र आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा आणि सहा कोनांचा सॉकेट वापरा, साध्या पान्याने कोन गोल होतात. नंतर ब्रेकच्या ऑइलमधली हवा काढायला विसरू नका.

धूळभरणी:
ड्रम उघडलात तर आतली धूळ फुंकू नका बरं, जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा. बाकी चालू द्या तुमचं 😄

गंजका_पाना:
केलं काल. निपल उघडलं, ऑइल आलं, चाक जामच. मग हँडब्रेकच्या केबलचा नट सैल केला तर अर्धवट सुटलं. ड्रम काढला (ढिला होईपर्यंत हातोडीने घाम काढला) तर डावी केबल कव्हरमध्ये गंजून अडकलेली, आतला लिव्हर मागे यायलाच तयार नाही. वर कोणीतरी लायनर झिजल्यावर अॅडजस्टर (लायनर-ड्रममधलं अंतर जुळवणारा भाग) न बघता केबलच ताणून ठेवलेली. लायनर जळके, स्प्रिंग निळी पडलेली. ड्रमवर मॅक्सिमम मापाचा आकडा कोरलेला असतो, मोजला तर बराच आत आहे, झिजून कड पण विशेष आलेली नाही, तो काही बदलत नाही. लायनर, स्प्रिंगा दोन्हीकडे, डावी केबल नवीन.

डबल_क्लच:
म्हणजे ड्रम सोडला तर जवळजवळ माझीच यादी की राव.

गंजका_पाना:
केबल होती का त्या यादीत? ती तशीच ठेवली असती तर नवे लायनर पण जळाले असते आणि आपण म्हटलं असतं माल खराब निघाला.

डबल_क्लच:
बरं ते जाऊ दे, सिलिंडरची रबरी टोपी उचलून बघितलीत का, आत ओलं आहे का?

गंजका_पाना:
आत्ता बघून आलो. डावा ओला आहे. उजवा कोरडा, पण दोन्ही बदलतोय, आता काही बोलू नका.